आमच्याकडचे भुलीचे डॉक्टर

ये, अशी इकडे सरक. दारात उभी राहून "निघते आत्या, निघते आत्या" करू नको. गाडीला अजून वेळ आहे, आणि नागपूरहून आलेलं माणूस आमच्या गोंदियाच्या कुडव्यातून चहा न पिता गेलं तर शेजारी मलाच बोल लावतात. बस. तो फोन उलटा ठेव. आणि आधी मला हे सांग, पाण्याची बाटली काढताना तुझ्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी पडली, ती कशाची? झोपेची ना? कोणी दिली? मैत्रिणीनं. वा गं बाई. मैत्रिणीची साडी नेसावी, तिची झोप कायले घ्यावी?

रागावत नाही मी. मला भीती वाटते म्हणून बोलते. झोपेच्या औषधांबद्दल माझ्या मनात ही जी भीती आहे ना, ती एका माणसानं घालून ठेवली. आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. तू त्यांना पाहिलं नाहीस. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर. घाटाकडचे होते, एकटेच असायचे. मोहल्ल्यात सगळे त्यांना भुलीचे डॉक्टर म्हणत, आणि पाठीमागे येडे डॉक्टर.

येडे म्हणण्यासारखं होतंही. त्यांच्या खिशात रबराची एक छोटी हातोडी कायम. समोर कोणी पाय लोंबते सोडून बसला की यांचा हात खिशात गेलाच. दूधवाला, विजेचं मीटर पाहायला आलेला, कोणीही असो. गुडघ्याच्या वाटीखाली टक् करून मारायचे आणि पाय उडाला की खूश. आमच्या मोठीला पाहायला आमगावचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील ओसरीवरच्या उंच बाजेवर बसलेले, मांडीवर पोह्यांची प्लेट. डॉक्टर ऑपरेशनवरून आले, नमस्कार केला आणि बोलता बोलता मारली की हातोडी. त्या गृहस्थाचा पाय वर, पोहे धोतरावर. मी तर घामानं भिजले. वाटलं, गेली सोयरीक. आणि हे म्हणतात, "नस उत्तम आहे. ताई, द्या मुलगी."

ते पाहुणे हसले म्हणून बरं. हसत हसत विचारते झाले, "डॉक्टरसाहेब, मी पाय हालवला नाही, मंग हालला कसा?"

"तुम्हाला विचारलंच नाही कोणी," डॉक्टर म्हणाले. "निरोप कण्यापर्यंत गेला आणि तिथूनच हुकूम सुटला. डोक्याला मागाहून कळलं."

"म्हंजे आमच्या घरच्यासारखंच आहे," पाहुणे म्हणाले. "मलेही मागून कळते."

असे ते. शिकवायची फार हौस. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मला शेंगा सोलता सोलता सगळं सांगायचे. म्हणायचे, ताई, नस आणि मांस एकमेकांना चिकटलेले नसतात. मधात एक बारीकशी फट असते. डोळ्यांनी दिसायची नाही इतकी. हात हलवायचा झाला की नस त्या फटीत औषधाचा एक थेंब टाकते आणि पलीकडचं मांस तो झेलतं. टाकणारा एक, झेलणारा एक. आम्ही भुलीवाले काय करतो? झेलणाऱ्याचे हात थोडा वेळ बांधून ठेवतो. मग माणूस हलत नाही, आणि कापणाऱ्याला कापता येतं. श्वाससुद्धा त्याचा त्याला घेता येत नाही. तो आम्ही देतो.

मी म्हटलं, "अवो, मंग त्या बिचाऱ्याले दुखते की नाई?"

यावर त्यांचा चेहरा बदलायचा. म्हणायचे, "म्हणूनच आधी झोप द्यायची. आधी झोप, मग बांधणं. हा क्रम चुकला तर तो माणूस आत जागा राहील, आणि बाहेर कोणाला पत्ता लागणार नाही."

"असं झालं होतं का कधी?" मी एकदा विचारलं. ते उठून वर गेले. चहा तसाच राहिला. मग मी कधी विचारलं नाही.

पण त्या दिवसापासून मला कळलं, हा माणूस इतका घाबरलेला काऊन असतो ते. हो, घाबरलेला. लोकांना झोपवणारा माणूस स्वतः झोपत नव्हता. दुपारी आरामखुर्चीत डोळे उघडे टाकून पडायचा. मी म्हणायची, "तुमच्याकडे तर औषधायची दुकान आहे, घ्या ना थोडं." तर म्हणायचे, "हलवाई आपली मिठाई खात नाही ताई." घरी आले की दवाखान्यात फोन. पलीकडच्या सिस्टरला ठरलेला प्रश्न, "तक्रार केली का?" पेशंट बरं आहे म्हणतो, असं ती बोलली तर यांचं समाधान होत नसे. पेशंटनं उशी टोचते म्हणावं, पंखा आवाज करतो म्हणावं, सुनेचं नाव घेऊन दोन शब्द बोलावे, तेव्हा हे फोन ठेवायचे. म्हणायचे, "बरं आहे हे तर अर्ध्या झोपेतही निघतं तोंडातून. कुरकुर करायला पूर्ण माणूस लागतो."

आणि विचारपूस किती. भूल देण्याआधी पेशंटच्या सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे आणि कानाजवळ तोंड नेऊन विचारायचे, काय घेता? बायांना गुडाखू विचारायचे. ती तंबाखूची काळी पेस्ट गं, दातांना घासतात आणि घासता घासता डोकं हलकं होते त्याची सवय लागते. पुरुषांना मोहाच्या दारूचं विचारायचे. एका भजनी बुवाची गोष्ट सांगत, गाव नाही सांगितलं, नाव नाही. सगळ्या गावासमोर बुवा म्हणाले, उभ्या जन्मात थेंब नाही घेतला. खोली रिकामी झाली तेव्हा म्हणाले, रोज घेतो साहेब, पन गल्लासात नाई, पितळेच्या गडव्यात घेतो, तीर्थावानी. डॉक्टरांनी त्यांना हात जोडले. मला म्हणाले, "ताई, रोज पिणाऱ्याच्या डोक्याला गुंगीची सवय झालेली असते. आमचं नेहमीचं माप त्याला पुरत नाही. हे खोटं बोलले असते तर मधातच जागे झाले असते. देवाशी खोटं बोला, बायकोशी बोला. माझ्याशी नको."

आता शेवंताचं ऐक. त्यासाठीच तुला बसवलं.

शेवंता माझी धाकटी जाऊ. नवेगाव बांधाकडे त्यांची धानाची शेती, भाऊजी आणि ती दोघंच करतात. जीभ तिखट, पण हात सोन्याचे. त्या वर्षी धानाची रोवणी आटोपली तशी माझ्याकडे चार दिवस राहायला आली. मी म्हटलं पलंगावर झोप, तर म्हणे पलंगानं कंबर धरते. खाली सतरंजी टाकून झोपली.

सकाळी उठली ती पोट धरून. "बाई, पोट पिळून राह्यलं," म्हणे. मी ओवा-मीठ दिलं. रात्री भाजी तिखट झाली होती, मला वाटलं त्यानंच. थोड्या वेळानं म्हणते, "बाई, तू दोन दोन दिसून राह्यली." मी म्हटलं, एक मीच तुले भारी होते, दोन कुठून आनू. हसलो आम्ही. बघ, हसलो.

डॉक्टर जिन्यावरून खाली उतरत होते, एका पायात बूट, दुसरा हातात. शेवंताकडे पाहून थांबले.

"या बाई नेहमी अशाच बघतात का?"

मी म्हटलं, "कशा?"

"अर्ध्या डोळ्यांनी." आणि तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाई, मान न हलवता वर त्या पंख्याकडे बघा बरं."

तिनं पाहिलं. भुवया वर गेल्या, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या तिथंच. अर्ध्या ओढलेल्या पडद्यासारख्या. डॉक्टरांनी हातातला बूट खाली टाकला. म्हणाले, "खाली झोपल्या होत्या?" मी हो म्हटलं. "मण्यार," म्हणाले. आपल्याकडे गोंदियात करैत म्हणतात तो.

मी म्हटलं, साप दिसला नाही, दात उमटले नाहीत, रक्त नाही. ते म्हणाले, त्याचे दात सुईसारखे, झोपेत कळतही नाही. हे बोलता बोलता ते एका बुटानं रस्त्यावर, ऑटोसमोर आडवे.

ऑटोत ती मधात, एका बाजूला मी, एका बाजूला ते, तिची हनुवटी वर धरून. मला म्हणाले, बोलत राहा तिच्याशी. मी काय बोलणार. रोवणीचं बोलले, तिच्या म्हशीच्या वगारीचं बोलले. तिचा आवाज आधी नाकात गेला, मग घरघर झाला, मग राहिलाच नाही. उड्डाणपुलावर गाड्या तटून उभ्या. डॉक्टर ऑटोवाल्याला ओरडले, "भैया, उल्टी साइड से निकालो." तिचा हात माझ्या हातात होता. मी दाबत होते आणि तिकडून दाबणं कमी कमी होत गेलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा श्वास नावाला होता. यांनी स्वतः घशात नळी घातली, मशीन लावलं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. नसांना जोर देणारी सुईही देऊन पाहिली, नागाच्या विषात ती कामी येते म्हणे. शेवंताला काही फरक नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "ताई, नाग झेलणाऱ्याचे हात बांधतो. ते सोडवता येतात. मण्यार टाकणाऱ्याचेच हात मोडतो. नवे उगवेपर्यंत थांबावं लागतं. तोवर श्वास आपण द्यायचा." आणि मग खाली बघून म्हणाले, "मी बांधतो तेव्हा आधी झोप देतो. मण्यार झोप देत नाही."

मला त्या वाक्याचा अर्थ जिन्यावर लागला. शेवंता जागी होती. त्या डोळ्यांआड, हलता न येणाऱ्या अंगात, माझी शेवंता जागी होती.

आता खरी भीतीची गोष्ट. भाऊजी आले, सोबत नात्यातले एक मामाजी. गावात सोयरीक असो की मरण, पुढे हेच. दोन दिवस गेले, तिसरा उजाडला. शेवंता लाकडासारखी. पापणी उचलून टॉर्च मारला तर बाहुली मोठीच्या मोठी, लहान होईना. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं ते पाहिलं आणि भाऊजींना हळूच म्हणाला, काही सांगता येत नाही, मनाची तयारी ठेवा. झालं. मामाजींनी टोपी काढली. पलंगाच्या उशाशी उभं राहून बोलायला लागले.

"पाहा बाबू, इथं मेली तं चिरफाड होते. पोलीस येतेत, लाश उद्या भेटते. अजून नाडी आहे. नाडी आहे तवरच घरी नेऊ. आपल्या जागेवर जाऊ दे तिले."

हे आपल्याकडचं जुनं. माणूस घरच्या मातीवर जावं, आणि चिरफाड नको. कितीतरी लोक असे दवाखान्यातून उचलून नेतात. मला त्यांचं सगळं पटत होतं, तरी राहवलं नाही. मी म्हटलं, "मामाजी, डॉक्टर म्हंतेत ती आयकते." मामाजी म्हणाले, "डॉक्टर त्याची मशीन चालवते बाई. ते काढली तं पाह्य किती आयकते ते." भाऊजी रडत होते. रडत रडत म्हणाले, "सांगा मंग गाडीले." लिंबाखाली गाडी येऊन लागलीसुद्धा. सही करायची तेवढी बाकी होती.

मी धावत जाऊन भुलीच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या दारातून ओढून आणलं. टोपी, मास्क, तसेच आले. 

"आधी सगळे बाहेर चला," ते हळू आवाजात म्हणाले. "तिच्यासमोर नका बोलू. ती ऐकते आहे."

मामाजी जागचे हलले नाहीत. "साहेब, तुमचा मान आहे. पन बाहुली मेली, हात मेले. आयकते हे तुमाले कसं समजते?"

 दाखवायला डॉक्टरांकडे काही नव्हतं. ती पापणी हलवू शकत नव्हती, बोट नाही, जीभ नाही. मग ते मशीनच्या पडद्याकडे पाहत राहिले. तिच्या काळजाच्या ठोक्यांचा हिरवा आकडा तिथे लुकलुकत होता. माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, या बाईंना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

मी एका क्षणात सांगितलं, "धुऱ्याचा."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. शेवंताचा शेजारी दरवर्षी फावड्यानं तो धुरा बारीक बारीक कोरायचा, आणि शेवंता त्याच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्या काढायची. भाऊजी मऊ माणूस, जाऊ दे म्हणणारे. घरात भांडण म्हणजे तेवढंच.

डॉक्टरांनी भाऊजींना तिच्या कानाशी उभं केलं. "काहीही बोला. आधी साधं बोला."

भाऊजी म्हणाले, "पानी चांगला पडून राह्यला. वगार बरी आहे." आकडा होता तिथंच.

"आता धुऱ्याचं सांगा."

भाऊजी आणखी वाकले. मग म्हणाले, "शेवंता... त्यानं यंदाही धुरा कोरला. हातभर आत आला. मी काही म्हटलं नाई त्याले. जाऊ दे म्हटलं."

आकडा चढला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. एक, दोन, असा चढत चढत गेला, मशीन टुंग टुंग वाजायला लागलं. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे गप्प. हळूहळू आकडा खाली आला.

मामाजी म्हणाले, "मशीन खराब असन."

"तुम्ही बोलून बघा," डॉक्टर म्हणाले.

मामाजी वाकले. जन्मभर पंचायती केलेला माणूस, आवाज लावून म्हणाले, "पोरी, कायले जीव जाळतं? खरं पाह्यलं तं धुरा त्याचाच होता. तुह्या सासऱ्यानंच सरकवला होता."

आकडा असा उसळला की बाहेरची सिस्टर धावत आली.

मामाजी सरळ झाले. कितीतरी वेळ त्यांनी शेवंताच्या तोंडाकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि म्हणाले, "भांडते अजून. नाई मरत हे." स्वतःच खाली जाऊन त्यांनी गाडी परत पाठवली.

मी डॉक्टरांना शोधत गेले तर जिन्याच्या पायरीवर बसलेले. हातोडीनं आपल्याच गुडघ्यावर ठोकत होते. मी म्हटलं, देवानं वाचवलं. ते म्हणाले, "ताई, खरं सांगू? आकडा तापानंही चढतो, विषानंही चढतो. मलाही पूर्ण खात्री नव्हती. दोघांनी बोलूनही चढला नसता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही." मी त्यांच्या बाजूला बसले. 

पुढे त्यांनी नियम घातले. खोलीत कोणी रडायचं नाही. तिला हात लावायच्या आधी सांगायचं, आता कूस बदलतो, आता नळी साफ करतो, खोकला येईल. स्वतःही सांगायचे, पाया पडल्यासारखं वाकून. रोज मधात थोडा वेळ तिला औषधानं झोप द्यायचे आणि म्हणायचे, "बाई, आता निजा, मी इथेच आहे. उठवतो." आणि उठवायचे. मी तिला सगळी गोष्ट सांगायची, कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली. उत्तर नाही, हूं नाही. भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं आणि मनात यायचं, खरंच भिंत असली तर?

आठवड्याच्या आसपास कपाळाची एक आठी हलली. मग पापणी. मग एका पायाचा अंगठा. नळी निघाली तेव्हा आवाज घोगरा, फुटका. डॉक्टर पुढे वाकले तशी पहिलं वाक्य त्यांनाच म्हणाली, "तुमच्या हाताले औषधाचा लय वास येते. जवळ नोका येऊ." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. हसत होते की काय, मी पाहायला गेले नाही.

साप काही सापडला नाही. आम्ही घर उलटंपालटं केलं. आजही मी कोपऱ्यात झाडू घालण्याआधी जमिनीवर दोनदा आपटते.

डॉक्टर नंतर दोन वर्षांत निवृत्त होऊन आपल्या गावाकडे गेले. कधीमधी फोन करतात. मला नाही, शेवंताला. काय बोलतात कोण जाणे, ती लांबच्या लांब भांडत असते त्यांच्याशी, पावसाचं, गुडघ्याचं.

पण मला तुला सांगायचं होतं ते वेगळंच. शेवंता घरी गेली, वर्ष गेलं. एकदा आम्ही तिच्या अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. भाऊजी बाजूला खाटेवर दोरी वळत. मधातच ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी गाडी सांगतली होती."

भाऊजींचा हात थांबला. ते म्हणाले, "तुले..."

"सगळं आयकलं. मी आतून बोंबलून राह्यली होती, नोका नेऊ, नोका नेऊ."

 भाऊजी म्हणाले, "तू बोलत नोती शेवंता. हालत नोती. मी इचारू कसं?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. म्हणाली, "तरी इचाराचं."

इतकंच. रागानं नाही बोलली. भाऊजी उठून तिच्याजवळ येऊन बसले आणि खडे वेचायला लागले. त्यांना दिसत नाही नीट, तांदूळच फेकत होते. तिनं काही म्हटलं नाही.

बरं, जा आता. ती गोळ्यांची पट्टी तेवढी इथेच ठेवून जा. तुझी गाडी निघायची. पण पुढच्या वेळी एका दिवसाचं येऊ नको, चार दिवस काढून ये, आपण दोघी शेवंताकडे जाऊ. आणि माझं वय पाहते आहेस ना तू. उद्या मी अशीच खाटेवर पडून राहिले, तुला ओळखलं की नाही तेही कळेना झालं, तर दारातून परत जाऊ नको. जवळ बस आणि विचार, आत्या, कशी आहेस. पण तसं होईपर्यंत कशाला थांबतेस? दिवाळीच्या आधीच ये.